दुसरा ठोका

“पयला ठोका हातानं मारला, दुसरा म्या मारला,” असं गोमाजी एकदाच म्हणाला, आणि ऐकायला धुरपता एकटीच होती.

ती सुपात तांदूळ घोळत होती. तो दाराशी बसून बुटाच्या नाड्या सोडत होता. बोलून झाल्यावर त्यानं पाणी मागितलं. तिनं दिलं. ते पिऊन तो खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्या आईचे पाय चेपायला गेला. त्यानंतर त्या दोघांनी हे वाक्य तोंडातल्या चिंचोक्यासारखं धरून ठेवलं. गिळता येईना, थुंकता येईना.

हिरडाटोला हे छोट्या लाईनीवरचं स्टेशन. गोंदियाहून निघालेली गाडी चांद्याच्या वाटेला लागते, जंगल मागे पडतं आणि धानाचे बांध दिसू लागतात, तिथं ते आहे. गोऱ्या साहेबांनी ही लाईन लाकडासाठी टाकली, माणसं तिच्यावर नंतर चढली. एक कौलारू खोली, एक बाक, इंजिनाला पाणी देणारी टाकी आणि एक मोहाचं झाड. खोलीच्या वाशाला तारेनं टांगलेला रुळाचा तुकडा, त्यालाच गाव घंटा म्हणे. पलीकडच्या स्टेशनातून गाडी सुटली की फोन खणखणे, मास्तर आतून ओरडे आणि गोमाजी हातोडी उचले. गोंदियाकडून गाडी येत असेल तर दोन ठोके, चांद्याकडून येत असेल तर तीन.

गावात घड्याळं फारशी नव्हती आणि होती त्यांवर कुणाचा विश्वास नव्हता. दोन ठोके पडले की लाखांदुराकडच्या लेकी सासरच्या बोचक्याला गाठ मारत, म्हातारे काठी शोधत. तीन पडले की बाया चुलीवर आंधण ठेवत. एका ठोक्याकडे मात्र कुणी कान देत नसे. एक ठोका म्हणजे पोराचा दगड, नाहीतर मोहावरून उतरलेलं वानर.

कागदावर गोमाजी पोर्टर होता. कंदील पुसणं, गाडीची वाट बदलायला रुळांचे सांधे फिरवणं, झेंडी दाखवणं, सगळं त्याच्याकडेच असे. त्याच्याच हुद्द्याचा टिकाराम दुसऱ्या पाळीला. दोघांची क्वार्टरं एका भिंतीची. इकडे गोमाजी-धुरपता, तिकडे टिकाराम-गिरजाबाई. धुरपतेच्या फोडणीला गिरजा शिंकायची आणि भिंतीपलीकडून ओरडायची, “वयनी, मिरची का जाळून राहिली, का भाऊजीले?” टिकाराम वयानं लहान, तोंडानं मोठा. “भाऊ,” तो म्हणायचा, “तुह्या घंटेवर माही म्हस पान्हवते. तू रजेवर गेला का दूधच देत नाही, रांड!” गोमाजी हसायचा तेव्हा त्याचे खांदे हलत, आवाज येत नसे. तसं ते हसणं धुरपतेनं नंतर पाहिलं नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. हिरडाटोल्यात संप म्हणजे दोन माणसं. गोमाजीनं नुसतं घरी बसायचं होतं. टिकारामचं तसं नव्हतं. युनियनचा लाल कपडा त्याच्या दारावर होता, वर्गणी तोच गोळा करायचा, त्यामुळे त्याच्या नावानं पोलीस येणार हे ठरलेलंच. ते तेंदूपत्त्याचे दिवस. जंगलात पानं गोळा करायची फडी पडली होती, शंभर बाया-माणसं पुडे बांधत बसलेली. त्यांच्यात एक माणूस वाढला तर कोण ओळखतो?

मोहाखाली दोघं बोलले ते धुरपतेनं आणि गिरजेनं दोघींनी ऐकलं.

“फडीवर जाय,” गोमाजी म्हणाला. “पुडे बांध, गुमान राहा.”

“आन् संप सुटला हे मले कोन सांगंल? वानर?”

“म्या सांगंन. संप हाय तवरक हे घंटा वाजत नाही. वाजवनारा कोन हाय? तू नाही, मी नाही. दोन ठोके आइकले का समज, गाड्या चालू झाल्या. मंग उजागरीनं घरी ये.”

“पक्कं?”

“म्या वाजवतो त घंटा, लेका. पक्कं नाही त का?”

संप लागला. हिरडाटोल्यात गाडी आली नाही. रूळ तापले, त्यांच्यावरून शेळ्या चालू लागल्या. गाव बहिरं झाल्यासारखं झालं. बाया भात करायच्या तो कधी कच्चा, कधी करपलेला.

मग एके दिवशी दुपारी ट्रॉलीवर बसून वरचा एक साहेब आला, सोबत पोलीस. टिकारामचं क्वार्टर त्यांनी मोकळं केलं. गिरजेची भांडी, धानाची कोठी, पाळणा, सगळं उन्हात. शेजारच्या दाराशी येऊन साहेबानं खाटेवरची म्हातारी पाहिली. अर्धांगानं तिची एक बाजू गेली होती. साहेब चढ्या आवाजात बोलला नाही. “कल सुबह गाडी चलेगी. ड्यूटी पर आओ, नहीं तो कल दोपहर यह खटिया भी बाहर,” एवढंच.

रात्रभर गोमाजी आढ्याकडे पाहत पडला. पहाटे धुरपताच बोलली.

“जा ना जी.”

त्यानं कूस बदलली.

“नुसते जाऊन हुभे राहा. झेंडी दाखवा, सांधा फिरवा. घंटा तेवढी वाजवू नोका. घंटा नाही वाजली त टिकाराम येत नाही. मंग कोनाचं का बिघडलं?”

हे तिचं होतं. साहेबाचं नव्हतं, गोमाजीचंही नव्हतं. घंटेची ती पळवाट तिच्या डोक्यातून निघाली आणि तिच्या आवाजानं गोमाजीला उठवलं. पुढं कितीतरी वर्षं पाण्याला जाताना, धान कांडताना, ती हे स्वतःला ऐकवत राहिली.

तो गेला. क्वार्टरच्या दारातून फलाट दिसतो. धुरपता दारात उभी होती. बाकावर साहेब बसला होता, मोहाच्या सावलीत दोन पोलीस विड्या ओढत होते. सामानाच्या ढिगाशी गिरजा बसली होती. ती गोमाजीकडे पाहत होती, पण अजून तिच्या डोळ्यांत राग नव्हता. म्हातारी खाटेवर आहे, भाऊजी तरी काय करणार, असंच काहीसं होतं.

आत फोन खणखणला. मास्तर सवयीनं ओरडले, “गाडी छूटी!”

गोमाजीचा हात वर गेला. तो हात कितीतरी वर्षं त्याच शब्दांवर वर जात आला होता. ठोका पडला.

धुरपतेनं तोंडावर पदर धरला. एक ठोका. एक म्हणजे काही नाही. एक म्हणजे वानर.

गोमाजी थांबला होता. हातोडी अधांतरी. दोन ठोक्यांमध्ये जायचा तेवढा वेळ गावातल्या तान्ह्या लेकरालाही पाठ होता, आणि तो सरून गेला. रुळाचा तुकडा तारेवर थरथरत होता. साहेबानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि मग क्वार्टरच्या दाराकडे पाहिलं, जिथं धुरपता उभी होती आणि तिच्या मागे खाट होती.

दुसरा ठोका पडला.

गाडीआधी टिकाराम आला. बांधावरून, उघड्या अंगानं, दुपट्टा खांद्यावर टाकून, तेंदूच्या चिकानं काळे झालेले हात हलवत. चाल अगदी घरी निघालेल्या माणसाची. रूळ ओलांडता ओलांडता त्यानं हाक दिली, “सुटला का गा भाऊ संप? म्हस आटली असंल माही!”

मोहाखालचे पोलीस उठले. त्यांना धावावंही लागलं नाही. तो त्यांच्याकडेच चालत येत होता.

गोमाजीच्या हातात हातोडी तशीच होती. टिकारामनं एकदा हातोडीकडे पाहिलं, एकदा उन्हातल्या पाळण्याकडे, आणि मग त्याला कळलं. गिरजा ओरडली ती धुरपतेला अजून ऐकू येते.

त्याच दिवशी, टिकारामला घेऊन गाडी निघून गेल्यावर, गोमाजीनं दाराशी नाड्या सोडत ते एक वाक्य म्हटलं.

पुढचं गावाला माहीत आहे. टिकाराम तुरुंगात गेला. सुटून आला तेव्हा नोकरी नव्हती. तो रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडू लागला, गिरजा रोवणीला दुसऱ्यांच्या बांध्यात उतरू लागली. संपात कामावर राहिलेल्यांच्या पोरांना रेल्वेनं नोकऱ्या दिल्या, त्यात गोमाजीचा घनश्याम गोंदियाच्या इंजिन-शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, लागला. धुरपतेनं त्या दिवशी साखर वाटली नाही. भिंतीपलीकडे आता दुसरं कुटुंब होतं, पण ती फोडणी हळू आवाजात द्यायची.

बाजारात दुकानदार तुलाराम मिठाची पुडी बांधता बांधता विचारी, “काहून गोमाजी, आज गाडी सुटली, का संप सुटला?” लोक हसत. गोमाजी पुडी घेऊन निघे.

त्यानं साहेबांना सांगून फाटकाची ड्यूटी मागून घेतली. फाटक स्टेशनापासून लांब, सिग्नलच्या पलीकडे. उन्हात पत्र्याची एक गुमटी, वर्दळ म्हणजे बैलगाड्या आणि दिवसाकाठी एखादी एसटी. कुणी चांगला माणूस मागून घेईल अशी जागा नव्हे. धुरपता डबा घेऊन जायची तेव्हा दुरून स्टेशनची घंटा ऐकू यायची आणि पहिल्या ठोक्याला गोमाजीचा घास हातात थांबायचा. दुसरा पडला की तो घास ताटात परत ठेवायचा.

सरकार बदललं तेव्हा संपातल्या लोकांना परत घेतलं. टिकाराम आला. पुन्हा पोर्टर, पुन्हा घंटा. तुरुंगानं त्याचे दात नेले होते, तोंड ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी तो फाटकापर्यंत चालत आला आणि फाटकाशी थांबलेल्या गाडीवानांदेखत गोमाजीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “भाऊ, कायले तोंड लपवतं? हाताची खोड हाय ते. इतके वरसं वाजवली, हात का इच्यारून वाजवते? मीबी असतो त वाजली असती.” तुलारामाच्या दुकानात जाऊन त्यानं हेच सांगितलं. त्या दिवसापासून टवाळी थांबली. गोमाजी मात्र आणखीच वाकला.

“सांगून टाका ना जी एकदा त्याले,” धुरपता एकदा म्हणाली.

“का सांगू? तो हासते, धुरपता. शिव्या देल्ल्या असत्या त सांगतलं असतं. हासत्या मानसाले कसं सांगाव?”

तिनं पुढं रेटलं नाही. तिलाही ते नकोच होतं. सांगितलं असतं तर घनश्यामच्या पगाराचा तांदूळ गिरजेच्या डोळ्यांत खुपला असता, आणि ती पळवाट कुणाची हेही निघालं असतं. नवऱ्याला धीर देते आहे असं दाखवून ती त्याच्या गप्प राहण्यावरच जगत होती. विहिरीवर गिरजा “वयनी” म्हणून हाक मारी तेव्हा धुरपता दोर ओढण्यात गुंतलेली असे.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गोमाजी रिटायर झाला. त्या लाईनीवर रीत होती. जाणाऱ्या माणसानं आपल्या शेवटच्या गाडीची घंटा स्वतः वाजवायची, मग नारळ, हार, चहा. फाटकवाल्यालाही सुटका नव्हती. गोमाजीनं आधी तब्येतीचं कारण सांगितलं. टिकाराम ऐकतो कुठला!

“घंटा तुही हाय, भाऊ. मी निसता राखनदार होतो.”

मोहाखाली चटया टाकल्या होत्या. तुलाराम आला होता, घनश्याम गोंदियाहून आला होता, नवे मास्तर इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. बायांच्या चटईवर गिरजाबाई सरकली आणि धुरपतेला शेजारी जागा केली. धुरपतेच्या मांडीला तिची मांडी लागली. उठून जावं असं तिला वाटलं, पण उठणार कशी?

मास्तर दोन शब्द बोलले. गोमाजी इमानी माणूस, कसल्याही वेळी ड्यूटी सोडली नाही, असं म्हणाले. ते नवे होते, त्यांना कुणी तसं सांगितलं असेल. लोकांनी माना खाली घातल्या. टिकारामनंच ते सावरलं. “मास्तरसाहेब, भाषण राहू द्या, गाडी येऊन राहिली!” लोक हसले.

आत फोन खणखणला. टिकारामनं गळ्यात हार असलेल्या गोमाजीच्या हातात हातोडी दिली आणि बोळक्या तोंडानं हसत ओरडला, “गाडी सुटली! मार, भाऊ, गोंदियाची हाय. दोन!”

गोमाजीनं हातोडी उचलली. ठोका पडला. आवाज जुनाच होता. गावातून एक कुत्रं भुंकलं.

सगळे दुसऱ्याची वाट पाहत होते. हातोडी वर होती. धुरपतेला वाटलं, आता पडेल. मग वाटलं, पडू नये. तेवढा वेळ सरला. रुळाचा तुकडा थरथरून थरथरून शांत झाला. कुणीतरी खाकरलं. “दोन, बापा, दोन!” तुलाराम हळूच म्हणाला.

गोमाजीचा हात खाली आला तो सावकाश, घंटेला न लागता. त्यानं टिकारामकडे पाहिलं. दहा वर्षांत त्यानं त्याच्याकडे असं समोरून पाहिलं नव्हतं. थांबायचं म्हटलं तर तो हात थांबत होता. आज थांबला होता, त्या दिवशीही थांबला असता. टिकारामचं हसू आधी ओठांवर राहिलं, मग ओठांवरून गेलं, मग डोळ्यांतूनही गेलं. त्यानं घंटेकडे पाहिलं, मग बायांच्या चटईकडे, जिथं धुरपतेची मान छातीला टेकली होती. गिरजाबाईची मांडी तिच्या मांडीपासून हळूच दूर झाली.

गोमाजीनं हातोडी टिकारामच्या हातात ठेवली. गळ्यातला हार काढून बाकावर ठेवला. लांबून इंजिनाची शिटी आली. तो फलाटावरून उतरला, रूळ ओलांडले, आणि बांधाच्या वाटेनं, ज्या वाटेनं टिकाराम आला होता त्याच वाटेनं, चालू लागला.