मी न वाचलेला तीन ताऱ्यांचा रिव्ह्यू

एखादी वस्तू घ्यायची असली की मी आता पाच ताऱ्यांचे रिव्ह्यू आधी उघडत नाही, एका ताऱ्याचेही नाही. मधले वाचतो. ही सवय मला पन्नाशी उलटल्यावर लागली, आणि ती लागण्यासाठी माझ्या थोरल्या बहिणीला काय सोसावं लागलं ते इथे लिहायचं आहे. घरात मी ते अर्धवटच सांगितलेलं आहे.

अक्का दोंडाईचाला राहते. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात तिने बरीच वर्षं अंगणवाडी चालवली. निवृत्त झाली तरी त्या गावाची एसटी तिने सोडली नाही. दर पंधरा दिवसांनी जाते, कुणाचा फॉर्म भरून देते, कुणाच्या बाळाला बघून येते. चांगला मोबाइल हातात आल्यापासून ती तिथल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढू लागली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "त्यांच्याकडे स्वतःचा फोटो म्हणजे आधार कार्डावरचा. माणूस गेला की तोच मोठा करून लावतात. भाऊ, त्यात प्रत्येक जण पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसतो."

मग तिला वाटू लागलं की फोटो तिथल्या तिथे छापून हातात द्यावा. मोबाइलवरून चालणारे, पिशवीत मावणारे लहान प्रिंटर असतात हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. एके दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"तू जळगावात असतोस, तुला यातलं समजतं. लोकांनी काय काय लिहिलंय ते बठ्ठं वाच, एकूण एक, आणि मला एकच मशीन सांग. ती बारीक अक्षरं माझ्यानं वाचवत नाहीत."

मला समजतं, असा ऑफिसातही समज आहे. मी कारकून. कुणाला कूलर घ्यायचा असो की मिक्सर, मंडळी माझ्या टेबलाशी येतात आणि मी मोबाइलवर बोट फिरवून निकाल देतो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कोणी आपल्याला विचारतंय, एवढ्यानेच मी खूश असायचो.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी दोन प्रिंटर काढले. एक शाई फवारणारा, झटपट फोटो देणारा. दुसरा हळू चालणारा, त्याचा कागदही महाग. पहिल्याला तारे जास्त होते. "मस्त आहे", "पैसा वसूल", "वेळेत मिळाला, पॅकिंग चांगलं". असे सात-आठ रिव्ह्यू मी वाचले. खाली एक तीन ताऱ्यांचा होता, मराठीत, चांगला दोन स्क्रीन लांब. माझ्या खांद्यावरून शेजारच्या टेबलावरचा सहकारी बघत होता. त्याने त्यातली एक ओळ मोठ्याने वाचली, "गंध लावून पाहिलं."

"यानं प्रिंटरची पूजा घातली वाटतं," तो म्हणाला.

आम्ही दोघं हसलो. मी बोट वर सरकवलं आणि डबा उघडला.

संध्याकाळी अक्काला सांगितलं, "पहिला घे."

"बठ्ठं वाचलंस ना?"

"बठ्ठं वाचलं."

पोळ्याच्या सुमारास प्रिंटर तिच्याकडे पोचला. पहिला फोटो तिने त्याच गावातल्या नानांचा छापला. नाना म्हणजे शेळ्या राखणारे एक म्हातारे, टोपीशिवाय कधी न दिसलेले. फोटोतही टोपी होतीच, पण खाली तोंडभर हसू होतं आणि त्यात एकही दात नव्हता. त्याची एक प्रत तिने नानांना दिली आणि दुसरी पाकिटात घालून मला पाठवली. मागे लिहिलं होतं, "मशीन छान चालतंय. तुझ्यामुळे." मी ते पाहिलं, बरं वाटलं, आणि पाकीट कुठेतरी ठेवून दिलं.

दिवाळीला मी तिच्याकडे गेलो तेव्हा तिचा मोबाइल भरला होता, नवीन फोटो निघत नव्हते. मी म्हटलं, आण, रिकामा करून देतो. जुने फोटो निवडून पुसून टाकले. "छापलेले आहेतच की," असंही म्हणालो. पौषात नाना गेले.

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांना घरी बोलावतात. मातीची नवी घागर पाण्याने भरून ठेवायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, निखाऱ्यांवर घास टाकायचा. फोटो असला तर तो घागरीला टेकवून कपाळावर ओलं गंध लावायचं. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. माझ्या हाताने केलंही आहे. तरी त्या दुपारी ऑफिसात "गंध लावून पाहिलं" या शब्दांवर मी हसलो होतो, कारण प्रिंटर ही गोष्ट माझ्या डोक्यात एका खणात होती आणि आखाजी दुसऱ्या.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता.

"चार घरचे फोटो धुऊन निघाले," ती म्हणाली. "गंध लावल्या जागी शाई फुटली, आणि नवी घागर पाझरते, त्या पाण्यानं खालून वर ओल चढली. तीन फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहेत. नानांचा नाही."

मला दोष देणारा एकही शब्द ती बोलली नाही. नानांचा दिवाळीला मीच पुसला होता. आधार कार्डावरचा सोडला तर त्या घरात नानांचा तो एकच फोटो होता आणि ही त्यांची पहिली आखाजी होती.

त्या दिवशी मी तो तीन ताऱ्यांचा रिव्ह्यू शोधून काढला आणि पहिल्यांदा वाचला. लिहिणाऱ्याने नाव दिलं नव्हतं. आई गेल्यावर तिचे फोटो नातेवाइकांना द्यायला त्याने प्रिंटर घेतला होता. एक फोटो छापून त्याने त्याचे चार तुकडे केले. एक उन्हाच्या खिडकीत चिकटवला. एक खिशात ठेवून महिनाभर हिंडला. एक नळाखाली धरला. चौथ्याबद्दल लिहिलं होतं, "आमच्याकडे आखाजीला फोटो घागरीला टेकवतात, म्हणून गंध लावून पाहिलं आणि ओल्या घागरीलाही टेकवून पाहिलं. शाई फुटते." पुढे म्हटलं होतं की रंग सुंदर येतात म्हणून तीन तारे, काचेत लावणार असाल तर जरूर घ्या, पण फोटो हातात, पाण्यात, पूजेत जाणार असेल तर तो दुसरा, हळू चालणारा घ्या. तो एकच कागद चार वेळा आतबाहेर नेतो आणि शेवटच्या फेरीत वर पारदर्शक थर बसवतो. सगळ्यात शेवटी, आणखी महिन्याभराने जोडलेली ओळ होती: "खिडकीतला तुकडा फिका पडत नाही असं मी वर लिहिलं होतं. तो पडला. माझं चूक होतं."

आईच्या फोटोचे चार तुकडे करताना त्या माणसाला काय वाटलं असेल याचा मी बराच वेळ विचार करत होतो. कुणासाठी केलं त्याने ते? माझ्यासारख्या कुणासाठी, जो डबा उघडायच्या घाईत असतो. त्या रिव्ह्यूखाली "दोन जणांना उपयोगी वाटला" असं होतं. मी बटण दाबलं, तीन झाले. लाज वाटली ती वाटलीच.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरने मी दोंडाईचाला गेलो. अक्का गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालत होती. मी चपलाही न काढता सांगून टाकलं, "अक्का, मी बठ्ठं वाचलं नव्हतं."

तिने एक बिबडा उलटला. "मला माहीत होतं."

"कसं?"

"तू शाळेतही धडा न वाचता प्रश्नांची उत्तरं पाठ करायचास. आणि मी दुपारी विचारलं, तू संध्याकाळी सांगितलंस. मधे तुझं ऑफिस."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले की. बठ्ठं वाचलंस ना, असं विचारलं. आणखी कसं विचारू?" मग म्हणाली, "चपला काढ. आणि आता वाच. मोठ्यानं."

मी सावलीत बसून वाचू लागलो आणि ती बिबडे पसरत ऐकत राहिली. चौथ्या-पाचव्या "मस्त आहे"ला तिने थांबवलं.

"हा काटा न टांगता लिहितोय."

मला कळलं नाही. तिने सांगितलं. अंगणवाडीत दर महिन्याला मुलांना टांगत्या काट्याला अडकवून वजन करायचं आणि रजिस्टरात लिहायचं. "दुसऱ्या गावची रजिस्टरं माझ्याकडे तपासायला यायची. सगळ्या मुलांचं वजन महिन्यात सारखंच वाढलेलं दिसलं की समजायचं, काटा खुंटीवरून निघालाच नाही. खरं वजन कधी वाढतं, कधी घटतं. घटलेलं लिहायला बाईला धीर लागतो, वरून विचारणा होते ना."

पुढे ती प्रत्येकाला एका वाक्यात निकालात काढत गेली. एका ताऱ्याच्या एकाने खोका फाटका आल्याचं लिहिलं होतं. "तो खोक्याबद्दल बोलतोय, मशीन त्यानं चालवलंच नाही." एकाने लिहिलं होतं, दोनच फोटो काढले पण जन्मभर टिकतील. "ज्योतिषी आहे." एका बाईने लिहिलं होतं की कागद उलटा घातला तर अडकतो, तिचे पहिले पाच वाया गेले. "ही खरी. हिला विचारून घ्यायला हवं होतं."

तीन ताऱ्यांचा रिव्ह्यू तिने दोनदा वाचायला लावला. "माझं चूक होतं" या ओळीला ती बिबडा हातात धरून थांबली.

"याला मी माझं रजिस्टर भरायला दिलं असतं," ती म्हणाली. माझ्या बहिणीकडून कुणाची याहून मोठी तारीफ मी ऐकलेली नाही.

मग तिने हात पुसले. "नानांचा पहिला फोटो मी तुला पाठवला होता. तो कुठे आहे?"

ते मला आठवत नव्हतं. म्हणजे आता नानांचा हसरा चेहरा या जगात कुठे असलाच तर माझ्या वेंधळेपणात कुठेतरी होता. परतीच्या गाडीत जळगाव येईपर्यंत मी डोक्यात घरातले सगळे खण उघडत होतो. तिथल्या पिंप्राळ्यात घरी आल्यावर ते खरोखरच उघडले. विजेच्या बिलांची फाइल, ऑफिसची बॅग, कपाटावरच्या पिशव्या. नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना स्कूटरची डिकी उघडली. त्यात गाडीच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी होती, आणि तिच्यात विम्याच्या कागदाला चिकटून ते पाकीट. मी ते तिथेच, रस्त्यावर उभा राहून उघडलं. फोटोचा एक कोपरा पाकिटाला चिकटून सोलला गेला होता. नाना हसत होते. मी पुन्हा घरात गेलो आणि बायकोला म्हटलं, आज उशिरा जाईन.

मोबाइलमध्ये त्याचा नीट फोटो घेऊन तो तीन ठिकाणी ठेवला. दुसरा प्रिंटर मागवला. तो आल्यावर आधी माझाच एक फोटो छापला आणि चार तुकडे केले, कारण तेवढं तरी मी त्या अनोळखी माणसाचं देणं लागत होतो. कागद पिवळा होऊन बाहेर आला, परत आत गेला, मग गुलाबी, मग निळा, आणि चौथ्या फेरीला चकाकत आला. एक तुकडा नळाखाली धरला. एकाला गंध लावलं. कुंभाराकडून नवी घागर आणून भरली आणि एक तिला टेकवला. चौथा खिडकीत चिकटवला. बायको म्हणाली, "स्वतःच्या फोटोला गंध लावून घेणारा पहिलाच माणूस पाहिला." तुकडे जसेच्या तसे राहिले. खिडकीतल्याचं मात्र अजून मी सांगू शकत नाही.

पुढच्या रविवारी अक्काबरोबर त्या गावाला गेलो. तीन घरचे नवे फोटो आधी देऊन झाले. नानांच्या घरी त्यांची म्हातारी ओट्यावर बसली होती. जुना फोटो तिने टाकला नव्हता, कोनाड्यात तसाच उभा होता. निळा-गुलाबी डाग आणि वर टोपी.

"तोंड गयं, टोपी ऱ्हायनी," ती म्हणाली. "जित्ता व्हता तवय बी टोपीच देखाय."

अक्का हसली. मला हसता आलं नाही. मी म्हातारीला सांगितलं की मशीन मी निवडलं होतं, न वाचता. आणि मोबाइलमधला फोटोही मीच पुसला होता. अक्काने हे तिला सांगितलेलं नव्हतं, गावातल्यांसमोर तिने सगळा दोष मशीनवर ढकलला होता. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं, मग नवा फोटो हातात घेऊन लांब धरून बराच वेळ पाहिला. आत जाऊन ती सहाणेवर उगाळलेलं गंध वाटीत घेऊन आली आणि वाटी माझ्या पुढे केली.

"लाव मंग तूच."

मी बोट बुडवून नानांच्या कपाळावर, टोपीच्या काठाखाली, टिळा लावला. चांगला ओला. आम्ही तिघं ओट्यावर बसून राहिलो. मग म्हातारीने लुगड्याच्या पदराने तो टिळा पुसून पाहिला. पदराला पिवळं लागलं. नाना हसतच होते. तिने पुन्हा वाटीत बोट बुडवलं आणि या वेळी स्वतः लावला, आणि फोटो कोनाड्यात जुन्या फोटोच्या शेजारी ठेवला. जुना काढला नाही.

परतताना एसटीत अक्काने विचारलं, "त्या नव्या मशीनबद्दल लिहिलंस का काही?"

"महिना झाला की लिहीन."

ती खिडकीबाहेर बघत होती. "पावसाळा जाऊ दे," ती म्हणाली. "कोनाड्यात ओल येते त्यांच्या."

म्हणून तो रिव्ह्यू मी अजून लिहिलेला नाही.