न उगवलेला गहू

ये वो पोरी, अशी जवळ येऊन बस. रागावशील तर रागाव, पण गहू काय त्याची चमक पाहून घ्यायचा असते? तू आणलेल्या या गव्हाले कीड लागत नाई म्हणून तुले आनंद होते, अन् मले त्याच गोष्टीचं भेव वाटते. काऊन, ते ऐक.

नव्वदच्या पुढचं साल होतं. सुनेले सातवा महिना. घरचा गहू पावसाळ्यातच संपला, म्हणून आमचे हे आर्वीच्या बाजारातून पोतं घेऊन आले. दाणा कसा, पुसून ठेवल्यासारखा. मी दरवर्षीसारखा कडुलिंबाचा पाला घालायले गेली तर हे हसले, "ज्याले सोंडा किडा शिवत नाई, त्याले पाला कायले?"

नवरात्रात घट बसवला. वावरातल्या काळ्या मातीत तोच गहू पेरला. घटाखालचे कोंब जसे वाढतील तसं घरचं वर्ष जाते, असं आमच्याकडे मानतात. पाचवी माळ चढली तरी माती काळीच. सून समोर पोटावर हात ठेवून बसून राहे. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. बाळ चांगलं आहे, असं डॉक्टरीण म्हणाली. पण घरी आल्याबरोबर सुनेची नजर पुन्हा त्या मातीवर.

शेवटी मी बोटानं माती उकरली. ओलीत इतके दिवस राहून दाणा फुगला नाई, कुजला नाई. पोत्यात होता तसाच चमकून राह्यला होता.

मूठभर गहू अंगणात फेकला. चिमण्या उतरल्या, माना वाकड्या करून पाहिलं अन् एकदम उडाल्या. कोंबडीनंही चोच लावली नाई. भर दुपारी अंगण असं चूप झालं का मले माझाच श्वास ऐकू आला. अन् त्याच गव्हाच्या पोळ्या ती दोन जीवांची पोर रोज खात होती.

हे त्याच दिवशी अल्लीपूरले बहिणीकडे गेले, तिचा राख लावलेला गहू घेऊन आले. संगं नणंदेचा निरोप होता, "वहिनीले सांगजो, सोंडे बी पाठवले, नीट पाहुणचार करजो!"

घटाजवळ दोन द्रोण ठेवले. एकात बाजारचा गहू पेरला, एकात नणंदेचा. दसऱ्याच्या सकाळी नणंदेच्या द्रोणात बोटभर हिरवं उभं होतं. दुसरा कोराच. सुनेनं दोन्हीकडे पाहिलं.

"म्हणजे आई, दोष गव्हाचाच होता," ती म्हणाली. "माझ्या पोटाचा नव्हता."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. पुढं मुलगी झाली. पहिल्यांदा रडली तर शेजारचेही उठून आले.

बाजारचा गहू आम्ही मागच्या वाडीत खोल पुरला. बाकी वाडी तरारते, तेवढी जागा अजून बोडकी आहे. कोंबड्या आजही तिले वळसा घालून जातात.

आता तो गहू परत करायले निघशील, पण लवकर येजो. उजेड असतानाच येजो पोरी. सांजेले वाडीकडचं दार लावायले मले कोणाची तरी सोबत लागते.