लाटांच्या तळ्यातला नारळ

थीम पार्कमध्ये नारळ न्यायचा नसतो. हे आता मला पक्कं माहीत आहे. आमच्या रोह्याच्या गल्लीतही सगळ्यांना माहीत आहे, कारण माझ्या नातीनं ते घरोघरी जाऊन सांगितलं आहे.

नात म्हणजे आर्वी, तिसरीत आहे. तिला वेव्ह पूलमध्ये जायचं होतं. वेव्ह पूल म्हणजे फरशी लावलेलं भलंमोठं तळं, त्यात मशीननं लाटा सोडतात. गेल्या वर्षी जायचं ठरलं तर पोरीला ताप आला. दिवाळीत ठरलं तर तिच्या आईची रजा कॅन्सल झाली. आई म्हणजे माझी सून वनिता. धाटावला कंपनीत आहे, शिफ्टला जाते. (मुलगाही तिथेच आहे, पण अशा कामाच्या दिवशी त्याची नेमकी शिफ्ट असते. लग्नापासून असते.) या खेपेला वनितानं कुणाकुणाशी शिफ्ट अदलाबदल करून एक दिवस मोकळा केला. मग आर्वीनं वर्गात जाहीर करून टाकलं की मी लाटांत खेळून येणार आहे. बाईंनाही सांगितलं. शाळेच्या शिपायालाही सांगितलं.

"आजी, आता जर का हुकलं ना, तर मी शाळाच सोडून देईन!"

"चौथी तरी कर गो," मी म्हटलं. "मी केली."

आदल्या दिवशी संध्याकाळी वनिता बॅग भरायला बसली. आर्वीची जुनी शाळेची बॅग, एवढीशी! त्यात कपड्यांचे जोड, पातळ टॉवेल, ओले कपडे ठेवायला प्लास्टिकच्या पिशव्या, रबरी चपला, उन्हाचं क्रीम, मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी आणि एक रिकामी बाटली.

"रिकामी बाटली कशाला गो?"

"तिथे पाणी भरायला मिळतं, आई. भरलेली कशाला वाहायची?"

"आणि खायला?"

"खायचं आत नेऊ देत नाहीत. कँटीन आहे."

"नेऊ देत नाय म्हणजे? पैसं घेऊन वर माणसं उपाशी ठेवतात?"

वनिता हसली आणि चेन लावून मोकळी झाली. मी गप्प बसले. मी गप्प बसले की आमच्या घरात सगळे घाबरतात, आणि बरोबरच करतात.

पहाटे उठून मी माझी पिशवी भरली. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी, पोह्याचे पापड, चादर, छत्री, बाम, सुपारी, अडकित्ता आणि काथ्याची दोरी. (दोरी कशाला, असं कुणी विचारू नये. दोरी लागतेच.) आणि सगळ्यात खाली, चादरीच्या घडीत, शेंडीचा नारळ.

आता नारळाचं सांगते. माझं माहेर आणि सासर दोन्ही पेणच्या खाडीकडचं. जन्म मिठागरावर गेला. आमच्याकडे नारळी पुनवेला खाडीला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. नवं पाणी म्हटलं की आधी नारळ, मग पाय. आर्वी उठताबसता सांगत होती, "आजी, तिथे समुद्र आहे, खऱ्यासारख्या लाटा येतात!" आता समुद्र आहे आणि त्याला नारळ नाही? पोरीचं दोनदा हुकलं ते का हुकलं, याचा घरात कुणी विचारच केला नव्हता. ताप काय, रजा काय! पाण्याचा मान द्यायचा राहिला होता, म्हणून हुकलं. निदान तेव्हा मला तरी तसंच वाटत होतं.

शेजाऱ्यांच्या ओळखीची गाडी ठरवली होती. माझी पिशवी माझ्या मांडीवर. नागोठणं मागे पडलं तसा ड्रायव्हर नाक ओढायला लागला. गडब येईपर्यंत त्यानं चारी काचा खाली केल्या.

"का रे बाबा, एसी बिघडला काय?"

"नाही मावशी, एसी चांगला आहे," तो बाहेर तोंड काढून म्हणाला. "हवा खराब आहे."

वनितानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून भातशेती बघितली.

पार्कच्या गेटवर बॅगा तपासत होते. वनिता आर्वीला घेऊन तिकिटाच्या खिडकीशी गेली. तपासणाऱ्या बाईनं तिची बॅग उघडली, बघितली, बंद केली. मग माझी पिशवी टेबलावर आली.

"भाकरी चालणार नाही, आजी. अंडीही नाहीत. हे काय आहे?" बाईनं डबा उघडला आणि लगेच लावला. "आई गं!"

"सुकट हाय. घे की थोडी."

"नको! आणि हे हत्यार कशाला?"

"हत्यार नाय गो, अडकित्ता हाय. सुपारीला."

"आणि ही दोरी?"

"लागते."

तिनं दोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. दोरी, अडकित्ता आणि सगळं खाणं गेटवरच्या कपाटात गेलं. शेवटी चादरीतून नारळ निघाला. मी त्याला निघतानाच हळदकुंकू लावलं होतं. बाईचा हात थांबला. तिनं नारळाला बोटं लावून छातीला लावली आणि दोन्ही हातांनी मला परत दिला.

"देवाचा आहे ना?"

"व्हय," मी म्हटलं. (पाणी म्हणजे देवच. यात खोटं काय बोलले?)

आत गेल्यावर मात्र माझी मान हळूहळू खाली जायला लागली. उन्हात फरशी तव्यासारखी तापलेली. माझ्या चामड्याच्या चपला पाण्याच्या खेळापाशी चालणार नाहीत म्हणाले, तर वनितानं बॅगेतून माझ्या मापाच्या रबरी चपला काढल्या. गरगर फिरणाऱ्या पाळण्यातून आर्वी पांढरीफटक होऊन उतरली, तर हिनं नळावर बाटली भरली, पुडी ओतली, पोर तरतरीत. चेहरा भाजायला लागला तर क्रीम. एवढीशी बॅग, पण जे हवं ते हात घातला की हातात! आणि मी एवढी मोठी पिशवी भरून आणलेली, तिच्यात आता छत्री, चादर, बाम आणि नारळ. छत्री वाऱ्यानं उलटली होती. ही बाई मिठागरावर असती तर मुकादम झाली असती, असं मला वाटलं. तिला बोलून दाखवलं नाही. सुनेला एका दिवसात किती चढवायचं!

दुपार कलली आणि आम्ही वेव्ह पूलपाशी आलो. लाटा ठरलेल्या वेळीच सोडतात, आणि आता त्या दिवसाच्या शेवटच्या लाटा होत्या. आर्वीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तेवढ्यात शिट्टीवाला पोरगा माझ्यापुढे आडवा आला.

"आजी, नायलॉनचे कपडे लागतील. लुगड्यात पाण्यात जाता येणार नाही."

"लुगड्यात अख्खं मिठागर काढलं मी! तुझ्या ह्या हौदात नाय चालत?"

"बोर्ड लावलाय, आजी."

बोर्ड होता. मला वाचताही येतो. वाचला नव्हता, एवढंच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वनितानं बॅगेच्या तळातून एक घडी काढली. गडद निळा, लांब बाह्यांचा, पायघोळ पोशाख. माझ्या अंगाच्या मापाचा!

"हा कधी घेतलास गो?"

"तुम्ही 'मी नुसती काठावर बसणार' म्हणालात ना, त्याच दिवशी."

मी बदलून आले. आर्वीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आजी, तू पोलिसासारखी दिसतेस!"

ते ऐकून मला जोर आला. टॉवेलात गुंडाळलेला नारळ काखेत मारला आणि पाण्याच्या कडेला गेले. भोंगा वाजला. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला पाणी फुगलं, लाट निघाली, माणसं ओरडायला लागली. वनिता आर्वीचा हात धरून घोटाभर पाण्यात उभी. मी डोळे मिटले, पोरीला सांभाळ म्हटलं आणि नारळ अलगद पाण्यात सोडला.

पहिल्या लाटेनं तो आत नेला. काय सुंदर दिसत होता सांगू! मला वाटलं, आज या पोरीचं भलं झालं.

दुसऱ्या लाटेनं तो वर उचलला. शेंडी भिजून पसरली होती. तेवढ्यात ट्यूबमध्ये आडवा पडलेला एक जाडगेला माणूस किंचाळला, "डोकं! कुणाचं तरी डोकं वाहत चाललंय!"

झालं! बायका ओरडल्या, पोरं रडायला लागली, सगळे एकाच वेळी काठाकडे पळाले. एक बाई "पिंट्या, पिंट्या" करत उलट आत धावली. (पिंट्या काठावर मका खात होता.) चारी बाजूंनी शिट्ट्या वाजल्या, भोंगा वाजला आणि मशीन बंद केलं. लाटा थांबल्या. एवढं मोठं तळं रिकामं झालं आणि मधोमध आमचा नारळ डुलत राहिला.

आर्वी मागे वळली. तिला जेमतेम एक लाट लागली होती, तीही घोट्याला.

"आजी," ती हळूच म्हणाली, "तो आपला आहे?"

नाही म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मिशीवाला सुपरवायझर निथळता नारळ हातात घेऊन आला. "कुणाचा हा?"

"आमचा," वनिता म्हणाली. लगेच, सरळ. मी तिच्या तोंडाकडेच बघत राहिले.

"पाण्यात वस्तू फेकली तर बाहेर काढायचा नियम आहे, मॅडम. कुणाच्या कपाळात बसला असता म्हणजे? चला, सामान घ्या."

"फेकला नाय," मी म्हटलं. "दिला."

"कुणाला?"

"पाण्याला!"

सुपरवायझरनं पाण्याकडे बघितलं. आर्वी रडत नव्हती. खालचा ओठ दातांत धरून नुसती उभी होती. रडली असती तर बरं झालं असतं.

"साहेब, तुमचं बरोबर आहे," वनिता म्हणाली. कंपनीत वाफेचा पाइप फुटला तरी हिचा आवाज चढत नाही म्हणतात, ते मी त्या दिवशी बघितलं. "आमच्या प्लांटवर कुणी असं केलं असतं तर मी पण मशीन बंदच केलं असतं. चूक आमची. आम्हा दोघींना बाहेर बसवा, पण पोरीला खेळू द्या. द्या तो नारळ इकडे."

इथे मी गप्प राहायला हवं होतं. नाही राहिले.

"दिलेला नारळ परत घ्यायचा नसतो!"

"मग मी काय करू याचं?" सुपरवायझर ओरडला. "परत टाकू?"

"टाका!"

वनितानं एकदा डोळे मिटून उघडले. "आई, खाडीला नारळ दिला की खाडी काय करते?"

"ठेवून घेते."

"ह्या पाण्यानं परत दिला. म्हणजे मान पोचला आणि आता हा प्रसाद झाला. प्रसादाला नको म्हणायचं?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझं लग्न झाल्यापासून असं कुणालाच जमलं नव्हतं. सासूलाही नाही! वनितानं नारळ घेतला, लोखंडी खांबाच्या पायथ्याशी दोन दणके दिले आणि खोबऱ्याचा तुकडा सुपरवायझरपुढे धरला.

"मॅडम, इथे बाहेरचं खाणं चालत नाही," तो म्हणाला.

"बाहेरचं कुठे, साहेब? तुमच्याच पाण्यातून निघालं."

मागे उभी असलेली शिट्टीवाली पोरं फिसकन हसली. सुपरवायझरची मिशी आधी एका बाजूनं हलली, मग दोन्ही बाजूंनी. त्यानं तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला. सगळ्यांनी खाल्ला. खोबऱ्याला औषधाचा वास मारत होता, पण कुणी बोललं नाही.

"लाटा पुन्हा सोडतो," तो म्हणाला. "मॅडम आणि मुलगी जाऊ देत. पण ह्या आजी..." त्यानं मला नीट बघून घेतलं. "ह्या मला दिसतील अशा ठिकाणी बसतील. कबूल असेल तर बोला."

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. आर्वीकडे बघितलं आणि "व्हय" म्हटलं.

भोंगा वाजला. वनिता पोरीला घेऊन आत गेली. पहिली लाट आर्वीच्या डोक्यावरून गेली आणि ती अशी खिदळली की पलीकडे बसलेल्या मलाही ऐकू आलं. लाट आली की वनिता पोरीला वर उचलायची, लाट गेली की खाली सोडायची. सूनबाई दिसते किरकोळ, पण पाय रोवून उभी राहिली की हलत नाही. मला तिचा असा अभिमान वाटला की मी टाळ्या वाजवल्या. टाळ्या नीट वाजल्या नाहीत, कारण माझे हात अडकले होते.

मी तान्ह्या पोरांच्या हौदात बसले होते. घोटाभर पाणी. नियम म्हणून कमरेभोवती ट्यूब, पिवळी, पुढे बदकाचं तोंड. खाडीच्या भरतीत कमरेपर्यंत उभी राहून बांध घातलेली बाई मी! शेजारी एक दुडुदुडु चालणारं पोर होतं, बिनट्यूबचं, सारखं काठावर चढून उड्या मारत होतं. त्याची आई त्याला ओढून खाली बसवत होती आणि माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, "बघ जरा, ती आजी कशी शहाण्यासारखी बसलीय!"