घारीची चटई

आंबाए बेटावर चटई रंगवावी तर डोरोसीनंच, हे तिचं वाईट चिंतणाऱ्या बायकाही मान्य करत. कुणी विसरलंच तर ती स्वतः आठवण करून देई. केळीच्या सोपटातून नक्षी कापायची, ते चटईवर घट्ट बांधायचं आणि लाल रंगात उकळायचं. तिचा हात कधी चुकला नाही. भांडण होतं ते घारीच्या नक्षीचं. इथे नक्षीला मालकीण असते; दुसरीला ती वापरायची तर मालकिणीला डुक्कर देऊन हक्क विकत घ्यावा लागतो. डोरोसी म्हणे, घार माझ्या आजीची. भावजय युनिस म्हणे, माझ्या आजीची. आणि लेकीच्या लग्नात घारीचीच चटई द्यायची म्हणून डोरोसी हटून बसली होती.

तेवढ्यात राजधानीतल्या संग्रहालयात काम करणारा विल्सन टारी बेटावरचे जुने फोटो घेऊन आला. कुण्या पाद्र्यानं फार पूर्वी काढलेले. एका फोटोत एक बाई, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, कमरेला घारीची चटई नेसून उभी होती. ती हलल्यामुळे चेहरा पार पुसून गेला होता.

नेसली ती मालकीण, यात वाद नव्हता. पण ही कोण? दोन्ही आज्यांना पाहिलेली आता एकटी डोरोसीच उरली होती.

"माझीच आजी!" तिनं लांबूनच ठोकून दिलं. "कशी ताठ उभी आहे बघा. युनिसची आजी असती तर बसलेली सापडली असती."

बायका खिदळल्या.

"वन्सं, आधी नीट बघा तरी," युनिस म्हणाली.

डोरोसीनं फोटो डोळ्यांजवळ धरला. त्या बाईच्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटांशी भांडल्यासारखा बाहेर वळला होता. लहानपणी युनिसच्या आजीच्या अंगणात बसून रताळी खाताना हाच पाय तिच्यासमोर असायचा. गप्प राहिली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं.

"युनिस, ही तुझी आजी," ती मोठ्यानं म्हणाली. "घार तुझी. आता हक्काची किंमत बोल. माझा सुळेवाला डुक्कर चालेल?"

युनिस फोटोकडे बघत राहिली. ती जन्मली तेव्हा आजी गेलेली होती.

"डुक्कर तर घेणारच, वन्सं, सोडते की काय!" ती म्हणाली. "पण आधी सांगा, ती दिसायला कशी होती?"

डोरोसी तिच्याजवळ खाली बसली.

"नाक तुझंच," ती म्हणाली.