दोन बोटं मागून

भूमच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली. आईने वाकळेची गुंडाळी माझ्या मांडीवर ठेवली आणि अण्णा, माझे वडील, खिडकीपाशी येऊन म्हणाले, "पाडव्यापर्यंत बघू. तिथं राहणं न्हाय जमलं तर गुमान परत यायचं."

मागून आत्या म्हणाली, "जमतंय कशाचं! इंग्लिश शाळेची पोर ती. सुईत दोरा ओवता येत न्हाय. चिगळीची भाजी म्हणून चिकाचं तण शिजवंल अन् पडंल आजारी."

मी मान हलवली. मला बोलायला वेळ लागतो. तोवर गाडी सुटते.

खरं तर भूमजवळच्या ईट गावातल्या आमच्या घरात मला कुणी सुई धरूच दिली नव्हती. शाळेची गाडी दारात यायची. आई वाकळ शिवायला बसली की मी जवळ सरकायचे, तर ती म्हणायची, "जा, तुझं पाठांतर कर." शिकू दिलं नाही त्यांनीच, आणि येत नाही म्हणून हसलेही तेच.

पुण्यात आम्ही तिघी मुली एका फ्लॅटमध्ये राहतो. थंडी सरल्यावर मी वाकळ वॉशिंग मशीनमध्ये टाकली. ईटमध्ये असं कुणी करणार नाही. कडेची शिवण वीतभर उसवली आणि आतून माझ्या शाळेच्या पिनाफोरचा निळा तुकडा बाहेर आला. रूममेट म्हणाली, "ऑनलाइन ब्लँकेट मागव ना, सेल चालू आहे." मी सुई विकत आणली.

फाटलं होतं तिथूनच टाका धरला. दोन दिवसांत कापड आणखी फाटलं. शेवटी आईला व्हिडिओ कॉल केला.

"विरल्यालं कापड टाका धरतंय व्हय? दोन बोटं मागं सर. धड कापडातून सुरू कर, अन् पल्याडबी धड कापडातच संपव."

सगळं उसवून पुन्हा शिवलं. टाके वाकडे आले, पण टिकले. त्याच फोनवर मी चिगळ कशी ओळखायची तेही विचारून घेतलं.

पाडवा झाला आणि पुढच्या रविवारी अण्णा आणि आत्या न कळवता दारात उभे. अण्णांच्या हातात रिकामी बॅग. माझं सामान न्यायला आणलेली, हे विचारावं लागलं नाही.

सकाळीच हातगाडीवरून चिगळ आणली होती. इथे तिला घोळ म्हणतात. आत्या किचनमध्ये माझ्या शेजारीच येऊन बसली, परीक्षा घ्यायला. मी एकेक देठ मोडून बघत होते. एका देठातून पांढरा चीक आला. पानंही पातळ होती, चिगळीसारखी मांसल नव्हती. तो बाजूला टाकला, हात धुतले, उरलेली जुडी पुन्हा पहिल्यापासून तपासली. मग तीन पाण्यांतून माती काढली आणि मुगाची डाळ, लसूण, सुकी मिरची घालून भाजी केली.

"कुणी शिकवलं?" आत्याने विचारलं.

"तुम्हीच. भूमच्या स्टँडवर."

आत्याने दुसऱ्यांदा भाजी वाढून घेतली.

जेवण झाल्यावर अण्णा वाकळेवर बसले. त्यांचा अंगठा माझ्या शिवणीवरून पुढे-मागे फिरत होता. "पाडवा झाला," ते म्हणाले.

"हो. आणि मी येत नाही."

इतक्या पटकन मी कधीच काही बोलले नव्हते.

"आगं बया, तोंड फुटलं की हिला!" आत्या म्हणाली.

अण्णांनी बॅगेची घडी घातली. निघताना आत्या दारात थांबली. "माझीबी वाकळ उसवलीया. दिवाळीला आलीस की बघ."

"बघते. तोवर मशीनमध्ये टाकू नका."

मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, मला आता कुणी घर विचारलं तर मी एकाच गावाचं नाव सांगत नाही. माझा दोरा ईटमध्ये सुरू होतो आणि इथे संपतो, दोन्हीकडे धड कापडात. मधले टाके वाकडे आहेत. दिसू देत.