रविवारचे दोन आकडे

त्या सोमवारी सकाळी मी प्रभूकडे जे मागितलं, ते सांगायला आजही लाज वाटते. प्रार्थना कसली, माझी लबाडी झाकून टाक एवढीच विनवणी होती ती.

शहादा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी अकरा महिन्यांच्या करारावर सिस्टर आहे. लशींचा फ्रीज माझ्याकडे. त्याचं तापमान रोज सकाळ-संध्याकाळ बघून रजिस्टरात लिहायचं असतं. आपोआप नोंद करणारं यंत्र महिनाभर बंद होतं, त्यामुळे सगळी भिस्त माझ्या पेनावर. आणि आमच्याकडे एक जुनी खोड आहे: रविवारचे आकडे शनिवारीच लिहून ठेवायचे. इतरांच्या लहानसहान खोटेपणावर मी नाक मुरडायची, पण ही खोड मी आनंदाने उचलली होती. कारणही पवित्र! शनिवारच्या एसटीने नवापूरकडच्या माझ्या गावी जायचं असे, चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला. देवाच्या घरी वेळेवर पोहोचायला मी दर आठवड्याला दोनदा खोटं लिहीत होते आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

सोमवारी फ्रीज उघडला तर काटा शून्याच्या खाली. शनिवारी पुसताना माझ्याच हाताने बटण फिरलं असणार. बाळांच्या लशीच्या बाटल्या गोठल्या होत्या. ही लस एकदा गोठली की निकामी होते, पण वितळल्यावर वरवर बघून काही कळत नाही. बाटलीवरची खूणही फक्त उष्णता लागली तरच रंग बदलते. बाहेर व्हरांड्यात आया बाळांना घेऊन जमू लागल्या होत्या. रजिस्टरात मात्र रविवारी दोन्ही वेळा चार अंश, माझ्या सुबक अक्षरात. मी डॉक्टरसाहेबांना एवढंच म्हणाले, "सर, बाटल्या जरा जास्तच गार वाटताहेत." ते घाईत होते. "रजिस्टर ठीक आहे ना? मग करा सुरू," म्हणाले. माझी सुटका झाली होती. खरं सांगावं तर करार जाणार, आणि घरात कमावणारी मी एकटी.

तेवढ्यात आमच्या रुग्णवाहिकेचे चालक हमीदभाई नातीला कडेवर घेऊन आले. दीड महिन्याची पोर, टोपडं डोळ्यांवर आलेलं. म्हणाले, "सिस्टर, मन्ही नातले सुई तुम्हीच द्या. तुम्ही शेतस म्हनीसन माले काही घोर नही." मी आहे म्हणून त्यांना काळजी नाही, एवढं बोलून त्यांनी पोर माझ्या हातात दिली. प्रभूने माझी विनवणी ऐकली होती, पण उत्तर त्याच्या मनाचं दिलं होतं. मी ढसाढसा रडले. हमीदभाई बिचारे गडबडले.

पोर त्यांच्याकडे परत दिली, रजिस्टर उचललं आणि साहेबांपुढे उघडलं. "हे दोन आकडे मी शनिवारीच लिहिलेत. लस गोठली आहे. आज यातली एकही सुई मी देणार नाही." ते भडकले. टेबलावर हात आपटला, करार वाढवून मिळणार नाही असंही बोलले. मी मान खाली घालून ऐकलं, पण जागची हलले नाही. शेवटी त्यांनीच शेजारच्या केंद्राला फोन लावला. तिथे लस शिल्लक होती. हमीदभाई लगेच गाडी घेऊन निघाले.

आयांना खरं कारण मीच सांगितलं. वाटलं, शिव्या देत निघून जातील. एक बाई कुरकुरली, "आते आम्ही काय दिनभर आठेच बसूत?" आणि बोलता बोलता तिथेच सावली बघून बसली. दुपारी लस आली. पहिली सुई हमीदभाईंच्या नातीला दिली. ती भोकाड पसरून रडली, आणि मी पुढच्या बाळाला हाक दिली.

नोटीस यायची ती आलीच. खुलाशात मी जे घडलं ते तसंच लिहिलं, कुणाच्या जुन्या खोडीमागे लपले नाही. कराराचं काय होणार, अजून कळलेलं नाही. पूर्वी मी माझं काम ठरवून मग प्रभूला त्यावर हात ठेवायला सांगायची. आता आधी त्याच्या हाती देते, मग कामाला लागते. रविवारी सकाळी फ्रीजचा काटा बघूनच बसस्टँड गाठते आणि पोहोचेपर्यंत उपदेश अर्धा संपलेला असतो. संध्याकाळच्या नोंदीसाठी जेवण न करताच परत फिरावं लागतं. आई रागावते. पण चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून डोळे मिटले, की मला त्याच्यापासून काहीच लपवायचं नसतं, आणि त्याबद्दल मी त्याचे फार फार आभार मानते.