माझ्या मित्राचे वडील आणि विम्याचे डॉक्टर

अख्ख्या द्वैभाषिक राज्यात डॉक्टरला तपासणारा रोगी एकच झाला, आणि तो लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत होता. ते माझ्या मित्राचे वडील; मी त्यांना काका म्हणे. पंधरा वर्षं गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात काढल्यावर त्यांना तयार कापड तपासायला बसवलं होतं. डोळ्यांखालून तागा सरकताना एक तुटका धागा दिसला की माल परत. हाच न्याय त्यांनी पुढे सगळ्या जगाला लावला. भाजीवालीचे वाल, भटजींचे उच्चार, मोर्च्यातल्या फलकांची अक्षरं, चळवळीसाठी मी लिहिलेली पत्रकं, सगळ्यांचा माल परत. त्यांच्या छातीत कापूस बसला होता, जिना चढताना दोनदा कठडा धरावा लागे, आणि तरीही हा गृहस्थ डॉक्टरांना नापास करत वर्षभर हिंडला. त्या वर्षात मी त्यांच्यावर जितका चिडलो, तितका सरकारवरही चिडलो नव्हतो.

कामगार विम्याची योजना तेव्हा नवी होती. हातात एक कार्ड यायचं. गल्लीतला पॅनेल डॉक्टर त्या कार्डावर गुलाबी औषधाची बाटली द्यायचा; पण छाती नीट तपासून घ्यायची तर त्याची चिठ्ठी घेऊन इस्पितळात बसणारा मोठा फिजिशियन गाठावा लागे. त्यातले काही जण कार्ड दिसताच म्हणत, "विम्याचे पेशंट मंगळवारी." मंगळवारी गेलं की चिठ्ठीवर शिक्का नसे. एवढं माझ्या संतापाला पुरेसं होतं. ठाकूरद्वारला घरी जाऊन मी त्यावर तावच्या ताव लिहीत असे. पण जे डॉक्टर काकांना बघायला तयार होते, त्यांचं काय? त्यांच्याकडून तपासून घ्यायला काका तयार नव्हते.

त्यांची एक पद्धत होती. इस्त्रीचा सदरा, काळी टोपी, पायांत पुसलेल्या वहाणा. खुर्चीत ताठ बसायचं, अवाक्षर न बोलता कार्ड टेबलावर ठेवायचं आणि डॉक्टरच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. डॉक्टर कार्डाशी बोलला की "आभारी आहे" म्हणून उठायचं. घरीदारी मालवणी बोलणारा हा माणूस डॉक्टरांशी मात्र छापील मराठी बोले. एकाने नुसतं "विम्याचे का?" विचारलं, तो बाद. दुसऱ्याने खोकला ऐकण्याआधीच औषध लिहिलं, तोही बाद. तिसरा खरोखर चांगला होता, पण तो "काय रे, काय होतंय?" म्हणाला. काकांनी विचारलं, "आपली ओळख कधी झाली?"

त्या दिवशी व्हरांड्यात माझा तोल गेला. "काका, कार्ड बघणं हा त्यांचा नियमच आहे!"

"कार्ड बघूचा असो नियम आसा. कार्ड बघान तोंड वाकडा करूचा असो नाय."

"आणि तुमची छाती?"

"छाती माझी आसा. ती थांबतली."

छाती थांबत नव्हती. जेवताना दोन घासांमध्ये ते दम घ्यायला लागले. मित्राची आई मला म्हणाली, "त्येंका कोण सांगतलो? तू शिकलेलो, तूच काय ता कर." मी केलं. फणसवाडीतले माझे मामा एका नावाजलेल्या फिजिशियनचे वर्गमित्र होते. त्यांच्याकडून शब्द टाकवला. आम्ही आत शिरलो आणि डॉक्टर स्वतः खुर्चीवरून उठले. "या, या! मामांनी सांगितलंय मला."

काकांनी खिशातून अर्धवट काढलेलं कार्ड परत आत ठेवलं. "कोणाच्या मामांनी?"

"माझ्या," मी म्हणालो. पुढच्या क्षणी आम्ही जिन्यात होतो. काकांनी आतल्या खिशातून घडी केलेला एक कागद काढला. वशिलेबाजीवर मी लिहिलेलं पत्रक. "ह्या तू लिवलंस, आणि वाचलंय मी. चूक कोणाची रे झिला?"

"अहो, पण तो डॉक्टर चांगला होता!"

"चांगलोच आसा. म्हणानच त्येच्याकडे रांगेतसून जावचा."

पुढच्या मंगळवारी ते पहाटेच जाऊन रांगेत बसले. मी गेलो तो केवळ भांडायला गेलो होतो. तीन तासांनी नंबर लागला. डॉक्टरांनी ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. टेबलावरच्या कार्डालाही त्यांनी हात लावला नाही. ते बघत होते काकांच्या बोटांकडे. जुन्या सवयीने ती डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाची कड चाचपत होती.

"कसं आहे कापड?" डॉक्टरांनी विचारलं.

"उभा धागा कच्चा आहे, साहेब."

"मग मी कोट उतरवतो. तुम्ही सदरा उतरवा."

काका हसले. त्या इस्पितळात त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरांनी पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं, पुन्हा पुढून ऐकलं, आणि नळी गळ्यात अडकवली. मग म्हणाले, "हे वर्षभर आधी यायला हवं होतं. इतके दिवस होता कुठे तुम्ही?"

"तुम्हालाच शोधत होतो, साहेब," काका म्हणाले.

मी टेबलावरचं कार्ड उचलून काकांच्या हातात दिलं आणि त्यांना सदरा घालायला बाही धरून उभा राहिलो.

डॉक्टरांनी गिरणी सोडायला सांगितली, जमल्यास मुंबईही. काकांनी त्यांचं दोन्ही ऐकलं. आयुष्यात दुसऱ्या कोणाचं इतकं ऐकल्याचं मला माहीत नाही. आता ते कोकणात घराच्या पडवीत खांबाला टेकून बसतात. आडवं झालं की श्वास कोंडतो. राज्य झालं, मुंबईसह झालं, तेव्हा मी त्यांना चार पानी पत्र लिहिलं. उत्तर चार ओळींचं आलं. "पत्र पोचलं. आनंद झाला. शेजारच्या खोलीतल्या, गिरणीत साच्यावर कापड विणणाऱ्या साचेवाल्याला खोकला सुटला आहे असं कळतं, त्याला आपल्या डॉक्टरांकडे ने. ते जागेवर आहेत ना? त्यांची बदली होऊ देऊ नका, वाटल्यास मोर्चा काढा."

डॉक्टरांची बदली पत्र येण्याआधीच झाली होती. काकांना मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.